कमरेला दोर

तळोज्याच्या एमआयडीसीत एखादी टाकी आतून साफ करायची असेल, तर निदान नियमाप्रमाणे तरी माणूस थेट आत उतरत नाही. आधी परमिट निघतं. टाकीला जोडलेल्या लाइनींचे व्हॉल्व्ह नुसते बंद करून भागत नाही, मध्ये ब्लाइंड, म्हणजे बंद चकती, टाकून त्या तोडाव्या लागतात. ब्लोअर लावून आतली हवा बदलायची. मग गॅस डिटेक्टर आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणची हवा मोजायची, कारण काही वायू हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचून राहतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर परमिटवर सही होत नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, हार्नेसला दोर आणि दोराचं दुसरं टोक बाहेर. मॅनहोलच्या तोंडाशी आणखी एक माणूस उभा असतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. त्याने आतल्याशी सतत बोलत राहायचं. आतला बोलायचा थांबला तर अलार्म द्यायचा, दोर ओढायचा आणि श्वसनसंच घातलेली माणसं येईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. स्वतःही जायचं नाही.

या शेवटच्या नियमाइतका अवघड नियम कारखान्यात दुसरा नसेल. आत पडलेला माणूस सकाळी आपल्याबरोबर त्याच बसमधून आलेला असतो. त्याचा डबा आपल्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. अंतर पाच-सहा फुटांचं, शिडी समोर लावलेली, आणि आपण म्हणे अलार्मचं बटण दाबायचं! रक्त उसळतं ते अशाच वेळी. पण आतल्या हवेला रक्त उसळण्याशी काही देणंघेणं नसतं.

आपण श्वास घेतो त्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो दहाच्या खाली गेला की शुद्ध हरपू लागते, आणि जवळजवळ नसेलच तर दोन-चार श्वासांत माणूस खाली कोसळतो. गंमत म्हणा की दुर्दैव, त्याला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. जीव घाबरा होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तो उच्छ्वासावाटे बाहेर पडतच राहतो, त्यामुळे शरीराकडून धोक्याची सूचना येतच नाही. सांडपाण्याच्या टाक्यांत तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि पायरी उतरतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ साली एक इशारावजा पत्रक काढलं होतं. बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू दुसऱ्याला वाचवायला गेलेल्यांचे असतात, असं त्यात म्हटलं होतं.

हे केवळ कारखान्यात घडतं असंही नाही. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी जुन्या विहिरीचा गोबरगॅसच्या मळीसाठी खड्डा केलेला होता. त्यात मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला आणि वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. एकूण सहा जण उतरले, पाच गेले. वाचला तो एकच, कारण त्याने उतरताना कमरेला दोर बांधला होता आणि वरच्यांना तो ओढून काढता आला.

त्या पाच जणांच्या धाडसाविषयी शंका घेण्याची कुणाची टाप नाही. एका मांजरासाठी आणि मग एकमेकांसाठी ती माणसं उतरली. पण आपल्याकडे शौर्याच्या गोष्टी सांगताना उडी सांगितली जाते, दोर सांगायचा राहून जातो. सामान्य माणूस असामान्य काम कसं करतो, हे खरंच समजून घ्यायचं असेल तर दोराकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. आपल्या परिसरातल्या गाजलेल्या घटना जरा जवळून पाहिल्या, तर तो बहुतेक ठिकाणी सापडतोही.

वांगणीचंच घ्या. तळोज्याच्या पूर्वेला डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला, कर्जत लाइनवरचं हे स्टेशन. १७ एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट भरात आलेली, संध्याकाळची वेळ, फलाट जवळपास ओस. अंध आईचा हात धरून चाललेला लहान मुलगा तोल जाऊन रुळांवर पडतो. आई फलाटाच्या कडेशी चाचपडते आहे, तिला तो सापडत नाही. समोरून उद्यान एक्स्प्रेस येते आहे. मयूर शेळके हे पॉइंट्समन हिरवा बावटा घेऊन त्याच गाडीसाठी उभे होते. ते रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं, मागोमाग स्वतः चढले आणि गाडी निघून गेली. सीसीटीव्हीच्या चित्रणात ते वर चढणं आणि गाडी तिथे पोचणं यांत दोन सेकंदांच्या आसपास अंतर दिसतं. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. चालकाने ब्रेक लावला तरी तेवढ्यात ती थांबणं शक्यच नव्हतं.

ते चित्रण देशभर फिरलं. रेल्वेने ५० हजार रुपये बक्षीस दिलं, त्यातले निम्मे शेळके यांनी त्या मायलेकरांना देऊ केले. जावा कंपनीने मोटरसायकल दिली. क्षणभर आपल्याही जिवाचा विचार मनात आला होता, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं, आणि मला तरी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. भीती वाटली, तिच्यासकट पाय पुढे पडले.

हे पाय कसे पडतात, यावर थोडाफार अभ्यास झालेला आहे. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने १९०४ साली पिट्सबर्गजवळच्या हार्विक खाणीतल्या स्फोटानंतर एक निधी स्थापन केला. त्या स्फोटात दीडशेच्या वर माणसं गेली होती आणि शिवाय त्यांना काढायला उतरलेले दोघेही. (इथेही तेच, खाण, वायू आणि मागून उतरणारे.) दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा धोक्यात घालणाऱ्या सामान्य नागरिकांना हा निधी आजही पदकं देतो. डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टीन या संशोधकांनी पदक मिळालेल्या ५१ जणांच्या मुलाखती तपासून २०१४ साली निष्कर्ष काढला की बहुतेकांनी विचार करून निर्णय घेतलेलाच नव्हता. आधी कृती झाली, विचार मागून आला. अगदी ज्यांच्यापाशी विचार करायला चार क्षण होते त्यांचंही तसंच.

यावरून शौर्य रक्तातच असावं लागतं, असं म्हणण्याची घाई होते. त्याच साली ॲबिगेल मार्श यांनी अनोळखी व्यक्तीला मूत्रपिंड देणाऱ्यांच्या मेंदूंची तपासणी केली आणि भीती ओळखणारा मेंदूतला भाग त्यांच्यात सरासरीपेक्षा थोडा मोठा आढळला. वर्तमानपत्रांना ‘नायकाचा मेंदू’ सापडला. तपासलेले दाते होते १९. एवढ्यावरून जन्मजात शूरांची जात ठरवायला मी तरी धजावणार नाही.

मला वाटतं, विचार न करता जी कृती होते तिच्यामागे आधी कधीतरी बराच विचार, निदान बराच सराव झालेला असतो. शेळके यांच्या जागी रोजचा एखादा प्रवासी असता तर? तोही धावला असता कदाचित. पण येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांनी ओळखणं, कोणत्या रुळावरून ती जाणार हे माहीत असणं, खडीवरून पळताना पाय कसा टाकायचा आणि फलाटाची कडा किती उंच आहे याचा अंगाला अंदाज असणं, हे पॉइंट्समनचं ज्ञान. ड्यूटीवर असताना गाड्या पास करता करता ते अंगात मुरतं. त्या दोन सेकंदांचा हिशेब त्यांनी मांडला नाही, तो मांडलेलाच होता.

मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीही हेच दिसतं. सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे उपनगरी गाड्यांच्या निवेदन कक्षात होते. त्यांच्यापाशी हत्यार नव्हतं, माइक होता. अतिरेकी कोणत्या बाजूने येताहेत हे त्यांना वरून दिसत होतं आणि स्टेशनाला बाहेर पडायच्या वाटा किती, हे त्यांना पाठ होतं. तिकडे जाऊ नका, एक नंबरच्या मागच्या गेटने बाहेर पडा, अशी घोषणा ते पुन्हा पुन्हा करत राहिले. त्यांच्या कक्षाच्या दिशेने गोळ्या आल्या तरी माइक सुटला नाही. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारा, गाडी लेट असली की लोक ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो आवाज. त्या रात्री लोकांनी तो निमूट ऐकला आणि फलाट रिकामे होत गेले.

तिथून पुढे अतिरेकी कामा रुग्णालयात घुसले. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. मागच्या बाजूने दोघे आत शिरताना त्यांनी खिडकीतून पाहिले होते. त्यांनी वॉर्डाची जड दारं बंद केली आणि सगळ्या बायकांना पलीकडच्या छोट्या पँट्रीत नेऊन बसवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा अंधारात भिंतीच्या कडेकडेने तिला लेबर वॉर्डापर्यंत पोचवलं. रुग्णालयाचे दोन पहारेकरी त्या रात्री मारले गेले. कुलथे यांनी पुढे त्या दोघांपैकी एकाला, म्हणजे कसाबला, ओळखलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर ही सगळी हकिगत सांगितली. दार कुठे आहे, कोणत्या खोलीला खिडकी नाही, कोणत्या बाईचा रक्तदाब वाढलेला आहे, हे सगळं त्यांना माहीत होतं ते नर्स म्हणून. आणि या बायका आपल्या आहेत, ही भावनाही नर्सचीच.

तुकाराम ओंबळे यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात काठी, समोर एके-४७, आणि तिची नळी त्यांनी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. सातारा जिल्ह्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, आणि २०२१ साली उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला ‘इसियस तुकारामी’ असं नाव दिलं गेलं. पोलिसात येण्याआधी ते लष्करात होते. काही माणसं सेवेतून निवृत्त होतात, पहाऱ्यावरून होत नाहीत.

असं आड उभं राहणं आपल्या प्रांतात नवं नाही. गावकुसाबाहेर, देवळाच्या मागे, कुठे ओढ्याकाठी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरं, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला घेऊन निघालेल्या, वर तो शिवपिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरला शिलाहारकाळातले वीरगळ आहेत, त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. पण बरेचसे वीरगळ राजांच्या युद्धातले नाहीत. गावची गुरं पळवून नेणाऱ्यांच्या आड कुणी गुराखी, कुणी पाटलाचा पोर उभा राहिला आणि पडला, त्याचा तो दगड. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नावच नाही. गावकरी शेंदूर फासतात, नवस बोलतात, पण कोण होता ते कुणालाच सांगता येत नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पकाराने गुरं मात्र आठवणीने कोरली. हा माणूस कशासाठी आड आला, एवढं कळावं म्हणून.

माणूस आड का येत नाही, हा प्रश्नही तितकाच जुना असावा, पण त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाल्यावर. ३८ जणांनी पाहिलं आणि कुणीही पोलिसांना कळवलं नाही, अशी बातमी छापून आली. तिने जगभर खळबळ माजवली. पुढे ती बरीच फुगवलेली निघाली आणि ज्या वर्तमानपत्राने छापली त्यालाही ते मान्य करावं लागलं. पण तिच्यापायी जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेले प्रयोग टिकून राहिले. एकात विद्यार्थ्याला इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतंय अशी समजूत असलेल्यांपैकी ८५ टक्के मदत बोलवायला उठले. आपल्यासारखे आणखी चौघे ऐकताहेत, असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. माणसं निर्दय झाली नव्हती. कुणीतरी कळवलंच असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

ही एक बाजू. दुसरी बाजू २०१९ साली पुढे आली. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं खरंखुरं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. दहापैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी निदान एक तरी मध्ये पडला होता, आणि माणसं जितकी जास्त तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. थोडक्यात, गर्दीत एकेकाचे पाय जड होतात हे खरं, पण गर्दीत कुणीच पुढे येत नाही, हे खोटं. पहिल्याने पाऊल टाकण्याचा अवकाश असतो, मग चौघे धावतात. प्रथमोपचार शिकवणारे म्हणूनच सांगतात की नुसतं ‘कुणीतरी अँब्युलन्स बोलवा’ म्हणून ओरडू नका. एकाकडे बोट करा आणि म्हणा, ‘ओ निळा शर्ट, १०८ लावा.’ निळ्या शर्टवाल्याला आता ते काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

तळोज्यात हे उपयोगी पडण्याची संधी टाकीपेक्षा रस्त्यावर जास्त. पनवेल-मुंब्रा रस्त्यावर ट्रेलर आणि टँकर यांच्या फटीतून दुचाकीवाले जात असतात. अपघात झाला की घोळका जमतो आणि पडलेल्याला हात लावायला कुणी धजत नाही, कारण पोलिसांचं झेंगट नको. ही भीती अगदीच निराधार नव्हती. मदत करणाऱ्यालाच तासन्‌तास बसवून ठेवायचं, रुग्णालयाने त्याच्याकडेच पैसे मागायचे, कोर्टाच्या तारखा लावायच्या, हे सर्रास चालत आलं. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी याविषयीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. आता अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे उपचाराचा खर्च मागता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तो ठरवतो. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१ पासून ५ हजार रुपये देत होतं, २०२५ मध्ये ‘राहवीर’ योजनेत ते २५ हजार झाले. पैशापेक्षा मला ते कलम मोठं वाटतं. बक्षिसासाठी कुणी थांबेल असं नाही, पण भीतीपोटी निघून जाणारा थांबू शकतो. दुर्दैव एवढंच की रस्त्यावरच्या घोळक्यात हे कलम माहीत असलेले फारसे कुणी भेटत नाहीत.

रायगड जिल्ह्यात तयारीनिशी धावणाऱ्यांची एक परंपराच आहे, आणि तिचं मूळ डोंगर भटकण्याच्या छंदात आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. चिखलातून, धो धो पावसात तासाभराहून अधिक चढ. यंत्रं वर नेता येईनात, तेव्हा घमेली-फावड्यांनी माती उपसायची होती. एनडीआरएफच्या जवानांबरोबर खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिर्यारोहकांच्या संस्थांची मुलं होती. एरवी रविवारी पाठीवर सॅक टाकून निघाली की घरचे ‘उंडगे’ म्हणतात, तीच. वाट अंधारात कुठे वळते, निसरड्या चढावर वजन कसं न्यायचं, हे त्यांना मुद्दाम शिकवावं लागलं नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने गेले.

हे सगळे प्रसंग क्षणाचे किंवा फार तर दिवसांचे. शौर्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याचं चित्रण कुठल्या कॅमेऱ्यात सापडत नाही. झेनो फ्रँको, कॅथी ब्लाउ आणि फिलिप झिम्बार्डो यांनी २०११ साली शौर्याची वर्गवारी केली तेव्हा जिवावर उदार होणारे आणि समाजात स्वतःची जागा पणाला लावणारे असे वेगवेगळे धरले. दुसऱ्या गटातल्यांचा जीव लगेच जात नाही. मित्र जातात, कामं जातात, झोप जाते. (हे तेच झिम्बार्डो, ज्यांनी १९७१ साली स्टॅनफर्डमध्ये तुरुंगाचा बहुचर्चित प्रयोग केला. साधी माणसं किती क्रूर होऊ शकतात हे दाखवून झाल्यावर उतारवयात ते साध्या माणसांच्या धैर्याकडे वळले.)

तळोज्यात या दुसऱ्या प्रकाराचं नाव आहे कासाडी. औद्योगिक वसाहतीच्या कडेने वाहत खाडीला मिळणारी ही नदी. तिच्या काठच्या आगरी-कोळ्यांच्या गावांचा मासेमारी हा पोटाचा धंदा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये या भागात निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले. प्राणिमित्रांनी फोटो काढून तक्रार केली, ते फोटो जगभर गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंग बनवणारा एक कारखाना बंद केला. पण मच्छीमार त्याआधीपासून ओरडत होते. त्यांनी पाणी तपासून घेतलं तेव्हा जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ८० मिलिग्रॅम निघाली होती. पाण्यातली घाण कुजवण्यासाठी जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तो हा आकडा. तो सहाच्या वर गेला की माशांना जगणं अवघड होतं. कुत्रे निळे झाले तेव्हा बातमी झाली. मासे मेले, ते पाण्याखाली मेले.

२०१८ साली पनवेल महापालिकेचे नगरसेवक अरविंद म्हात्रे कासाडीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. पुढे समित्या आल्या, नमुने घेतले गेले, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या कारभारावर ताशेरे आले, भरपाई भरण्याचे आदेश निघाले, अपिलं झाली. लवादातलं भांडण म्हणजे तारखा, प्रतिज्ञापत्रं आणि झेरॉक्स. नदीकाठच्या गावात तर आणखी अवघड, कारण ज्या कारखान्यांविरुद्ध बोलायचं तिथेच शेजाऱ्याचा मुलगा कामाला असतो, चुलत्याचा टेम्पो लागलेला असतो, कुणाचा कामगार पुरवण्याचा ठेका असतो. ‘कंपनी बंद पाडून तुला काय मिळणार?’ हा प्रश्न बाहेरचा कुणी विचारत नाही, चावडीवरचाच विचारतो.

कारखान्याच्या आत असाच प्रश्न त्या टाकीच्या परमिटवर सही करायला नकार देणाऱ्याला विचारला जातो. माल पाठवायचा आहे, प्लांट थांबलेला आहे, ठेकेदाराची माणसं खोळंबली आहेत आणि हा सेफ्टीवाला म्हणतो की डिटेक्टरचं रीडिंग पुन्हा घ्या. तो बरोबर असेल तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणाचा सत्कार होत नाही. उलट पुढच्या पगारवाढीत त्याला त्याची किंमत कळते.

जीव वाचवणाऱ्याला सरकारने संरक्षण दिलं, बक्षीसही दिलं. गैरव्यवहाराला वाचा फोडणाऱ्याची हकिगत निराळी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार उघडकीला आणणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला आणि त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. त्याचा आवाका सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, खासगी कारखान्यातल्या कामगाराला तो लागू पडत नाही. आणि जेवढा आहे तेवढाही अमलात आणण्याची अधिसूचना केंद्राने काढलेली नाही.